खिडक्यांचा दर आणि फेरीचा वार

प्रश्न : म्हापसा परिसरात घरोघरी खिडक्या पुसून देण्याचे मासिक काम मी सुरू केले आहे. दर आणि वार कसे ठरवावेत?

उत्तर : दर खोल्यांवर न लावता तावदानांवर लावावा, कारण जुन्या घरांत एकाच खिडकीला अनेक लहान काचा असतात आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यातली माती वेगळी काढावी लागते. पहिल्या सफाईला बराच जास्त वेळ जातो, म्हणून तिचे पैसे निराळे सांगावेत, संकोच नको. कळंगुटसारख्या किनाऱ्यालगत खाऱ्या वाऱ्याचा थर लवकर बसतो, तेथे पंधरवड्याची फेरी सुचवावी. एका वस्तीतली घरे एकाच वारी घ्यावीत, म्हणजे स्कूटरचे पेट्रोल वाचते. जून ते सप्टेंबर या काळात बाहेरची बाजू उघडिपीवर सोडून आतल्या बाजूचा कमी दर आधीच ठरवून घ्यावा.