परसबागेचा सल्ला देणाऱ्यांना आधी काय शिकवावं?

प्रश्न : आमच्या बचत गटातल्या १२ जणी गावात परसबागेचा सल्ला द्यायला तयार आहेत. त्यांचं प्रशिक्षण कसं घ्यावं? (खानापूर तालुका, जि. बेळगाव)

उत्तर : ताई, औषधांच्या यादीपासून सुरुवात करू नका. यादी पाठ झाली की बाई झाड न बघताच औषध सांगते. आधी पान उलटून बघायला शिकवा.

मिरचीचा बोकड्याच घ्या, म्हणजे पानं वळून आकसतात तो रोग. पानाच्या कडा वर वळून होडी झाली असेल तर बहुधा फुलकिडे. खाली वळून पान लांबट झालं असेल तर कोळी, म्हणजे घरातला जाळं विणणारा नव्हे, पानातला रस शोषणारी बारीक कीड. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकायचा. दोऱ्याच्या तुकड्यासारखे पिवळसर किडे पळाले तर फुलकिडे. कोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी दहापट दाखवणारं भिंग लागतं. गटात दोन तरी घ्या. गावातल्या कन्नड बायका दोन्हीला 'नुसी' म्हणतात, त्यामुळे नावावर जाऊ नका. फरक कळायलाच हवा, कारण फुलकिड्यांची बरीच औषधं कोळ्याला लागू पडत नाहीत. उलट कोळी खाणारे मित्रकिडे मरतात आणि आठवड्यात बोकड्या वाढतो.

फुलकिडे थोडे असतील तर ५० ग्रॅम निंबोळी पावडर १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला आणि त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारा. शिळा अर्क कामाचा नाही. कोळ्याला पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला २ ते ३ ग्रॅम. भर उन्हात मारलं तर पानं करपतात. कडुनिंबाचं तेल मारलं असेल तर गंधकाआधी दोन आठवडे जाऊ द्या.

भेंडीच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो केवडा रोग. पांढरी माशी तो पसरवते आणि त्यावर औषध नाही. झाड उपटा. हे सांगायला बायका कचरतात, म्हणून दोघींना समोरासमोर बसवून सराव घ्या.

मातीचा नमुना प्रत्येकीने स्वतः काढावा : ५-६ ठिकाणी वीतभर खोल खड्डा, कडेची माती खरवडून एकत्र, सावलीत वाळवून अर्धा किलो. उकिरड्याजवळची नको. आपल्याकडच्या पावसाने लाल माती आंबट होते खरी, पण तपासणीशिवाय चुना सांगायचा नाही.

कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातले कागद कन्नडमध्ये असतात, तेव्हा कन्नड वाचणारी एकजण गटात हवीच.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १९७०च्या दशकात असे स्वयंसेवक तयार झाले, तेव्हा शिकण्याच्या बदल्यात ठरावीक तास सल्ला देण्याची अट होती. तुम्हीही ती पहिल्याच बैठकीत सांगा.