केटामाईन थेरपिस्ट व्हायचंय, पण लायसन्स कशाचं घ्यायचं?

तासगावहून टीवाय बीए सायकॉलॉजीच्या एका मुलीचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

"मॅडम, माझा मामा दोन वर्षं डिप्रेशनमध्ये होता. तीन वेगवेगळ्या गोळ्या झाल्या, फरक नाही, द्राक्षबाग आजीच बघत होती. मग पुण्यात डॉक्टरांनी केटामाईनची सलाईन दिली, तीन आठवड्यांत सहा वेळा. दुसऱ्या सलाईननंतर त्याने स्वतःहून फोन केला आणि विचारलं, तिकडं पाऊस झाला का. आई फोन ठेवून रडली. दोन महिन्यांनी तो परत थोडा खाली गेला, पण तो फोन माझ्या डोक्यातून जात नाही. मला केटामाईन असिस्टेड सायकोथेरपी करायचीय. एका परदेशी ऑनलाईन सर्टिफिकेट कोर्सची फी साडेतीन लाख आहे, पहिला हप्ता २० तारखेला. भरू का? का परत नीट देऊ? बारावीला पीसीबी होतं."

आणि खाली आईच्या अक्षरात दोन ओळी: "हिचे पप्पा म्हणतात हे नशेचं औषध आहे, पोलीस पकडतात. आम्हाला यातलं कळत नाही, तुम्हीच सांगा."

अगं, पहिल्यांदा हप्त्याचं सांगते म्हणजे तुझा जीव टांगणीला राहणार नाही. भरू नकोस. का ते पुढे सांगते, पण आधी तुझ्या पप्पांच्या शंकेचं बोलूया, कारण घरात हा विषय त्यांच्याशीच बोलावा लागणार आहे आणि त्यांचं म्हणणं काही अगदीच चूक नाही.

ताई (हे तुमच्यासाठी), केटामाईन हे मुळात भुलीचं औषध आहे. १९६२ मध्ये अमेरिकेत पार्क-डेव्हिस कंपनीसाठी कॅल्विन स्टीव्हन्स नावाच्या केमिस्टने ते बनवलं, १९७० मध्ये तिथे मान्यता मिळाली आणि व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांवर भरपूर वापरलं गेलं. त्याचा मोठा गुण असा की नेहमीच्या डोसला पेशंटचा श्वास बहुतेक वेळा चालू राहतो आणि बीपी पडत नाही, म्हणून जिथे मोठी यंत्रं नाहीत अशा छोट्या दवाखान्यांत सुद्धा गळू कापायला, भाजलेल्या माणसाचं ड्रेसिंग करायला ते कामाला येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते कित्येक वर्षं आहे. पण पार्ट्यांमध्ये नशेसाठीही ते वापरलं जातं हे खरं, म्हणून आपल्याकडे ते अमली पदार्थांच्या म्हणजे एनडीपीएस कायद्याखाली येतं आणि औषधांच्या शेड्यूल एक्समध्ये आहे, म्हणजे चिठ्ठी दोन प्रतीत लागते आणि दुकानदाराला प्रत्येक बाटलीचा हिशोब ठेवावा लागतो. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांच्या देखरेखीत तुमच्या भावाला दिलं ते उपचार होते, त्यात लपवण्यासारखं काहीच नाही. तेच चोरून, मोजमाप न ठेवता घेतलं तर मूत्राशय खराब होतं, सवय लागते, जीवही जातो. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकन नट मॅथ्यू पेरी गेला तो केटामाईननेच, आणि पुढच्या वर्षी त्या प्रकरणात पाच जणांवर गुन्हे दाखल झाले, त्यात दोन डॉक्टर होते. हे दुसरं मी मुद्दाम सांगतेय कारण तुमच्या मुलीला ज्या वाटेने जायचंय तिथे हे सगळं माहीत असलेलीच माणसं हवीत.

आता तू. मामाला जे मिळालं ते आणि तुला जे करायचंय ते, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुझ्या पत्रात त्या एकमेकींत मिसळल्यात. मामाला बहुतेक नुसतं औषध मिळालं. किलोला अर्धा मिलिग्रॅम ह्या हिशोबाने साधारण ४० मिनिटं सलाईनमधून, बीपी बघायचं, थोडा वेळ थांबवायचं आणि घरी. ही पद्धत जिथून आली ते अभ्यास फार छोटे होते बरं का, अमेरिकेतल्या येल विद्यापीठात २००० साली जेमतेम सात पेशंट, मग २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत कार्लोस झराटे यांच्या टीमने १८ पेशंटवर केला, ज्यांना बाकीच्या गोळ्या लागू पडत नव्हत्या असे पेशंट. लोक चकित झाले ते ह्यामुळे की गोळीला जिथे तीन-चार आठवडे लागतात तिथे काही तासांत फरक दिसला. मामाचा तो पावसाचा फोन त्यातलाच. पण एका डोसचा परिणाम बऱ्याच जणांत आठवड्याभरात ओसरतो हेही तेव्हाच दिसलं होतं, म्हणजे मामा परत खाली गेला यात मामाची काही चूक नाही, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं, तूच सांग.

तर तो जो मधला काळ असतो ना, जेव्हा माणूस थोडा वर आलेला असतो, बोलायला लागलेला असतो, मेंदूत नवीन जोडण्या व्हायला सोपं जातं असं संशोधक मानतात, त्या काळात त्याच्यासोबत नुसतं बीपीचं मशीन असावं का बोलणारं माणूस असावं, हा प्रश्न म्हणजे केटामाईन असिस्टेड सायकोथेरपी. आधी काही सेशन तयारीची, मग औषधाच्या वेळी कुणीतरी शेजारी बसलेलं, आणि नंतर जे दिसलं जे वाटलं ते आयुष्याला जोडून बघायची सेशन. कल्पना नवीन नाही, रशियात एव्हगेनी क्रुपित्स्की यांनी १९८० च्या दशकात लेनिनग्राडला दारूच्या पेशंटवर हे सुरू केलं होतं. इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठाच्या सेलिया मॉर्गन यांच्या टीमने दारू सोडू बघणाऱ्या ९६ जणांवर केटामाईन आणि थेरपी एकत्र करून बघितलं, ते २०२२ मध्ये छापून आलं आणि निकाल आशा वाटावी असे आहेत. पण औषधामुळे किती आणि थेरपीमुळे किती हे अजून सुटं झालेलं नाही. म्हणजे तू ज्या क्षेत्रात जायचं म्हणतेस ते अजून उभं राहतंय, आणि जी गोष्ट उभी राहतेय तिची सर्टिफिकेटं विकणारे तिच्या आधी धावत असतात.

अमेरिकेत सुद्धा बघ, २०१९ च्या मार्चमध्ये एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, मान्यता दिली ती एस्केटामाईनच्या (केटामाईनचंच एक रूप) नाकात मारायच्या स्प्रेला, तीही अशा अटीवर की क्लिनिकमध्येच घ्यायचा, दोन तास तिथेच बसायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवायची नाही. साध्या केटामाईनला कुठल्याही मानसिक आजारासाठी एफडीएची मान्यता नाहीये, डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर देतात. आणि तिथे ही थेरपी करणारी माणसं कोण असतात, तर आधीच लायसन्स असलेले सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, नर्स, डॉक्टर. तू जे माहितीपत्रक पाठवलंस त्याच्या तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात हेच लिहिलंय, की ह्या सर्टिफिकेटने प्रॅक्टिसचा अधिकार मिळत नाही. तुझ्याकडे आत्ता कुठलंच लायसन्स नाही, म्हणून साडेतीन लाखांचा तो कागद तुझ्या काही उपयोगाचा नाही. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने असाच एक महागडा थेरपीचा कोर्स कर्ज काढून केला होता, नंतर एकाही हॉस्पिटलने दारात उभं केलं नाही, त्याची दोन वर्षं गेली ती गेलीच.

लायसन्स एवढं का लावून धरतेय ते सांगते, आणि हे मला अगदी मनापासून वाटतं. केटामाईनखाली असलेला माणूस स्वतःच्या शरीरापासून सुटल्यासारखा होतो, कधीकधी हात उचलता येत नाही, "नको" म्हणता येत नाही. कॅनडात एमडीएमए ह्या दुसऱ्या एका औषधाच्या ट्रायलमध्ये थेरपिस्ट जोडप्याने पेशंट बाईशी गैरवर्तन केल्याचं उघड झालं, त्यातल्या एकाकडे थेरपिस्टचं लायसन्सच नव्हतं, आणि २०२४ मध्ये त्या संशोधनाचे तीन पेपर मागे घेतले गेले. इतक्या असहाय माणसाशेजारी बसायचं तर तुझ्यावर कुणाचातरी वचक हवा, तुझं रजिस्ट्रेशन काढून घेता येईल अशी कुठलीतरी संस्था वर हवी. मामाशेजारी कोण बसलेलं तुला चाललं असतं ते आठव म्हणजे माझं म्हणणं पटेल.

मग रस्ते कुठले. एक नीटचा. वयाची वरची अट आता नाही, बारावीला पीसीबी होतं, म्हणजे दार उघडं आहे. पण हिशोब असा: इंटर्नशिप धरून एमबीबीएस साडेपाच वर्षं, मग नीट पीजी, मग एमडी सायकिॲट्री तीन वर्षं, वर तयारीची आणि बाँडची वर्षं वेगळी. चिठ्ठी लिहायचा, औषध द्यायचं का नाही हे ठरवायचा अधिकार हवा असेल तर ह्याला पर्याय नाही. पण तुझ्या पत्रात फिजिक्स केमिस्ट्रीची ओढ मला कुठेच दिसली नाही, दिसलं ते मामाचं बोलणं. सायकिॲट्रिस्ट होणं ही फार मोलाची गोष्ट आहे, आपल्या देशात लाखामागे एक सुद्धा पूर्ण भरत नाही, तरी नुसतं केटामाईनसाठी म्हणून नीटकडे वळू नकोस असं मी म्हणेन.

दुसरा रस्ता क्लिनिकल सायकॉलॉजीचा, आणि माझं मत ह्याच बाजूला आहे. त्यासाठी एमए किंवा एमएस्सी सायकॉलॉजी, रेग्युलर कॉलेजमधून, हे ठळक लक्षात ठेव, बाहेरून किंवा ऑनलाईन केलेलं चालणार नाही, आणि किमान ५५ टक्के. त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषद म्हणजे आरसीआयची मान्यता असलेला दोन वर्षांचा क्लिनिकल कोर्स, जो आत्तापर्यंत एमफिल होता. बंगळुरूला निम्हान्स, रांचीला सीआयपी, आपल्याकडे पुण्यात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था. जागा फार थोड्या, एंट्रन्स अवघड. आता इथे एक गुंता आहे, नव्या शैक्षणिक धोरणात एमफिल बंद झालं, क्लिनिकलचं यूजीसीने २०२५-२६ पर्यंत चालू ठेवलं, आणि त्याच्या जागी आरसीआयचे नवे कोर्सेस येतायत. त्यामुळे तुझी एमए होईपर्यंत नावं आणि नियम बदललेले असतील. फॉर्म भरायच्या आधी दरवर्षी आरसीआयच्या साईटवर मान्य संस्थांची यादी स्वतः बघायची, कॉलेजच्या काउंटरवर सांगितलेलं धरून चालायचं नाही. आरसीआयचा रजिस्ट्रेशन नंबर मिळाला आणि राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंद झाली की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे तू मानसिक आरोग्य व्यावसायिक, मग सायकिॲट्रिस्ट आणि भूलतज्ज्ञ जिथे केटामाईन देतायत तिथे तयारीची आणि नंतरची सेशन तू घेऊ शकशील, आणि केटामाईन उद्या मागे पडलं, दुसरं काही आलं, तरी तुझं काम बुडत नाही.

सायकिॲट्रिक नर्सिंग आणि सायकिॲट्रिक सोशल वर्कचाही विचार करून ठेव, औषध चालू असताना प्रत्यक्षात पेशंटशेजारी बसलेली असते ती बऱ्याचदा नर्सच.

अजून एक, तासगावची आहेस त्याची लाज वाटते असं पत्रात एका ओळीत लिहिलंयस. ती ओळ मला फार लागली. औषधातून बाहेर आलेला माणूस जे बोलतो ते त्याच्या आईच्या भाषेत बोलतो गं. आपल्याकडचा पेशंट "मला डिप्रेशन आहे" म्हणून येत नाही, तो म्हणतो जीव रमत नाही, डोक्यात मुंग्या येतात, कशात मन लागंना. मामाने "मला बरं वाटतंय" म्हटलं नाही, पाऊस झाला का विचारलं, आणि तुझ्या आईला त्याचा अर्थ लगेच कळला कारण बाग तिला माहितीय. हे कळणारी थेरपिस्ट साडेतीन लाखांच्या परदेशी कोर्समधून तयार होत नाही. ह्या सुट्टीपासून तू ऐकलेले असे शब्द वहीत लिहायला लाग, कोण कशाला काय म्हणतं ते. आणि एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात किंवा सिव्हिलच्या मानसोपचार विभागात बसायला मिळतं का विचार, पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून काम करतंय, मानसिक आरोग्यावर काम करणारी ठाण्याची आयपीएच ही संस्था १९९० पासून, त्यांची मराठीतली व्याख्यानं ऐक, एवढी छान साधी भाषा तुला पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

मामाचं मात्र मी काही सांगणार नाही, मी डॉक्टर नाही. परत सलाईन घ्यायची का, गोळी बदलायची का, हे त्याच्या सायकिॲट्रिस्टना विचारा, मधेच एखाद्या रात्री फार वाटलं तर टेलिमानस ह्या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६ नंबर घरात सगळ्यांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

तुझ्या एफवाय आणि एसवायच्या मार्कशीटचे फोटो पाठव, एमएसाठी पुणे, कोल्हापूर, मुंबई यातलं कुठलं झेपेल ते आपण बसून बघू. पप्पांना पण फोनवर घे, मला त्यांच्याशी बोलायला आवडेल. आणि २० तारीख येऊन जाऊ दे.