विमान लेट झालं, व्हिसा संपला, आता आईले परत जाता येईन का?

प्रश्न : ताई, आम्ही वरुड तालुक्यातले, संत्र्याचा बगीचा आहे. माही आई बहिणीच्या बाळंतपणाले जर्मनीत गेली होती. व्हिसावर ९० दिवस होते आन् आम्ही परतीचं तिकीट बराबर ९०व्या दिवसाचं काढलं. फ्रँकफर्टले बर्फ पडला, रात्रीचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी उडालं. पासपोर्ट पाहणाऱ्यानं आईले बाजूले बसवलं, बहीण बाहेर, आईले मराठीशिवाय काही येत नाही, थे रडाले लागली. मंग सोडलं. पुढच्या वर्षी तिले पुन्हा जायाचं आहे. इथला एजंट म्हणते पासपोर्ट हरवला म्हणून सांगा आन् नवीन काढा. काय कराव?

उत्तर : भाऊ, एजंटचं बिलकुल ऐकू नका. खोटी माहिती देऊन पासपोर्ट काढणं १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात गुन्हा आहे, आणि त्याचा उपयोगही नाही, कारण व्हिसाच्या वेळी आईच्या दहाही बोटांचे ठसे घेतलेत ना, पासपोर्ट बदलला तरी बोटं तीच राहतात.

एका दिवसानं कोणी आपोआप कायमचं बंद होत नाही. पुढचा व्हिसा द्यायचा की नाही हे अधिकारी ठरवते, म्हणून त्याच्यासमोर कागद पाहिजे. विमान कंपनीले आजच मेल करा, फ्लाइट किती वाजता होती, किती वाजता उडाली, कारण काय, हे लेटरहेडवर मागा, आणि जुनं तिकीट, बोर्डिंग पास सांभाळून ठेवा. माझ्या काकूसोबत असंच झालं होतं, काउंटरवरच्या पोरीनं नुसतं तोंडी सांगितलं, काही होत नाही काकू, आणि पुढच्या अर्जाच्या वेळी ते पत्र मिळवता मिळवता आमचे दोन महिने गेले. अर्जासोबत चार ओळीत खरं खरं लिहून द्या, विचारलं तर लपवू नका.

आता चूक कुठं झाली ते सांगते, राग मानू नका. ९० दिवसात उतरायचा दिवसही मोजतात आणि निघायचाही. बर्फाचे दिवस असताना शेवटच्या दिवसाचं तिकीट काढाचंच नाही, आठ दिवस हातात ठेवा, इन्शुरन्सही तेवढा जास्तीचा घ्या.

आणि विमान अडकलंच तर रात्रीचे बारा वाजायच्या आत विमानतळावरच्या फेडरल पोलिसांकडे, म्हणजे पासपोर्ट पाहणाऱ्या जर्मनीच्या केंद्रीय पोलिसांकडे जा. आपल्या हातात नसलेल्या कारणानं निघता आलं नाही तर शेंगेन व्हिसा, म्हणजे जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा आईचा हाच व्हिसा, वाढवून द्यायचा नियम आहे, युरोपच्या व्हिसा नियमावलीचं (व्हिसा कोड) कलम ३३, आणि त्याचे पैसेही लागत नाहीत. पण व्हिसा चालू आहे तवाच मागा लागते. लोक तिथंच चुकतात, मुकाट्यानं खुर्चीवर बसून राहतात. युरोपातल्या विमानतळावरून निघणारं विमान अडकलं तर जेवण आणि रात्रीचं हॉटेल कंपनीनंच द्यायचं असते, मंग बर्फ असो का काही असो, हेही बहिणीले सांगून ठेवा.

या वेळी आईच्या पर्समध्ये बहिणीकडून जर्मनमध्ये लिहून घेतलेला एक कागद ठेवा, मला मराठीच येते, माझ्या मुलीले या नंबरवर फोन लावा. पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा, खाली बॅगेत नको.