कारभाऱ्याचा राजीनामा

प्रिय ताई,

गॉथम शहराबाहेरच्या एका मोठ्या घराचा कारभार मी पाहतो. आमचे मालक आणि बाईसाहेब चित्रपट पाहून घरी परतत असताना एका गल्लीत लुटारूच्या गोळीला बळी पडले. सोबत त्यांचा आठ वर्षांचा मुलगा होता. त्याला मी वाढवलं. आता ते चाळिशीला टेकलेत आणि रोज रात्री मुखवटा चढवून गुन्हेगारांच्या मागे गच्च्यांवरून धावतात. गाडी तयार ठेवणं, फाटलेला पोशाख नीट करणं, फोनवर 'साहेब झोपलेत' सांगणं आणि पहाटे जखमा शिवणं ही माझी कामं.

परवा टाके घालताना मी म्हणालो, आता पुरे करावं. ते म्हणाले, "आल्फ्रेड, तू माझा बाप नाहीस." मी "होय सर" म्हटलं आणि दोरा कापला. त्या दिवसापासून राजीनाम्याचा कागद माझ्या खणात पडून आहे. आतापर्यंत या कामात चार मुलंही आली. सर्वांत धाकटा, त्यांचाच मुलगा, आला तेव्हा दहा वर्षांचा होता. राजीनामा देऊ की नको? कृपया नाव छापू नये.

आपला नम्र,
एक कारभारी

आल्फ्रेडराव,

नाव छापू नका म्हणता आणि मधल्याच ओळीत स्वतःच लिहून टाकता. असू दे. तुमचे साहेब ब्रूस वेन रात्री बॅटमॅन होतात हे गॉथम सोडून साऱ्या जगाला 1939 पासून ठाऊक आहे, आणि आमचा अंक गॉथमला जात नाही.

पत्रातलं एक वाक्य मात्र मला अडलं. 'त्याला मी वाढवलं.' म्हणून तुमच्या कॉमिक्सचे जुने अंक काढून बसले. 1943 च्या एप्रिल-मे अंकात तुम्ही पहिल्यांदा त्या घराच्या दारात उभे राहिलात, तेव्हा ब्रूस चांगला बाप्या झाला होता आणि डिक नावाच्या पोरक्या मुलाला सांभाळत होता. तुम्हाला कोणी बोलावलंही नव्हतं. तुमच्या वडिलांनी थोरल्या वेनसाहेबांची चाकरी केली होती आणि मरताना तुमच्याकडून शब्द घेतला होता, म्हणून तुम्ही आलात. अंगाने गोल, मिशीचा पत्ता नाही, आणि डोक्यात गुप्तहेर व्हायचं खूळ. त्याच वर्षी पडद्यावरच्या मालिकेत एका सडपातळ, मिशीवाल्या नटाने तुमचं काम केलं, तर 1944 च्या जानेवारीत चित्रकारांनी तुम्हालाच बारीक करून मिशी लावली! पेनीवर्थ हे आडनावही पुढचं, 1969 चं. त्याआधी तुम्ही बीगल होता.

आणि पोराला कोणी वाढवलं? त्या काळच्या गोष्टींत कधी फिलिपकाकांचं नाव येतं, कधी त्यांच्या घर सांभाळणाऱ्या मिसेस चिल्टन यांचं. ते श्रेय तुमच्या पदरात पक्कं पडलं ते 1980 च्या दशकात.

हे उकरून काढलं ते तुम्हाला खोटं पाडायला नाही. लेखक बदलत गेले, पण प्रत्येकाला एकच अडचण आली असणार: पगारासाठी कोणी माणूस एवढं करत नाही. चाळीस वर्षं तुम्ही रात्र-रात्र जागलात, खोटं बोललात, रक्त पुसलंत. एवढ्याचा हिशेब चाकरीच्या खात्यात बसेना, म्हणून त्यांनी मागे जाऊन तुम्हाला त्या मुलाच्या उशाशी बसवलं. बापपण तुम्हाला जन्माने मिळालं नाही, कागदानेही नाही. तुम्ही ते आधी कमावलंत, कारण नंतर लिहिलं गेलं. म्हणून 'तू माझा बाप नाहीस' हे वाक्य मी फारसं मनावर घेत नाही. टाके पडताना माणूस काहीही बोलतो. मला खुपलं ते तुमचं 'होय सर'.

आपल्याकडे जुन्या घरांत एक प्रकार असतो, तुम्हाला ऐकून गंमत वाटेल. घरातल्या जुन्या गड्याने ज्याला कडेवर खेळवलं, तो साठीला आला, कवळी बसली, तरी गड्याच्या तोंडी 'बाळासाहेब'च. तुम्ही ब्रूसला 'मास्टर' म्हणता. तुमच्या इंग्रजी रिवाजात हा शब्द मिसरूड न फुटलेल्या मुलासाठी, मोठ्या पुरुषाला 'मिस्टर'. म्हणजे दिवसभर तुम्ही त्याला बाळ म्हणून हाक मारता, आणि बाळ डाफरलं की चटकन नोकर होऊन मागे सरता. आमचा गडी असा मागे सरत नसे. तो म्हणायचा, 'बाळासाहेब, गप बसा, तुमची दुपटी मी धुतलीत.' हे वाक्य तुमच्या इंग्रजीत बसवून पाहा. नाही बसलं तरी हरकत नाही, मनात ठेवा.

आता राजीनामा. राजीनामा नोकर देतो. बाप चिडतो, अबोला धरतो, जेवणाच्या ताटावरून उठतो, पण राजीनामा देत नाही. शिवाय तुमचं हे पहिलंच पाऊल थोडंच आहे! 1993 मध्ये साहेबांच्या पाठीचा कणा मोडला. त्या दुखण्यातही ते स्वतःला जपेनात, म्हणून तुम्ही घर सोडलंत. शेवटी समजूत काढायला डिकला इंग्लंडला यावं लागलं. 2012 च्या चित्रपटात तुम्ही डोळ्यांत पाणी आणून निघालात, तरी गडी गेलाच आणि कणा मोडून घेतलाच. उपाय करून झालाय, गुण आलेला नाही. कागद खणात राहू दे.

पण सगळं आहे तसं चालू ठेवा असंही मी म्हणणार नाही. तुमच्या कामांची यादी मी पुन्हा वाचली. त्यात दोन वेगवेगळ्या माणसांची कामं एकत्र झालीत. जखम शिवणं, गरम काहीतरी खायला घालणं, पहाटेपर्यंत दिवा ठेवणं ही घरच्या माणसाची कामं. ती कोणत्याही भांडणात थांबवू नका. 'आधी कबूल कर, मग टाके घालतो' असा सौदा रक्त वाहत असताना करायचा नसतो. गाडी तयार ठेवणं, पोशाख शिवून देणं, कानातल्या यंत्रावरून रस्ता सांगणं आणि फोनवर खोटं बोलणं ही साथीदाराची कामं. ती उद्यापासून एकेक करून सोडा. सुरुवात फोनपासून करा, ते सगळ्यांत सोपं. 'साहेब झोपलेत' म्हणू नका. 'साहेब घरात नाहीत, कुठे आहेत ते मी सांगणार नाही' म्हणा. एकही शब्द खोटा नाही, आणि महिनाभरात त्यांना स्वतःच्या थापा स्वतः रचाव्या लागतील. तुम्ही तरुणपणी नाटकात काम केलंय असं तुमच्या बऱ्याच कहाण्यांत येतं. तेच कसब तुम्ही आयुष्यभर दारातल्या पाहुण्यांपुढे 'सगळं ठीक आहे' हा चेहरा करण्यात घातलंत. चेहरा जरा उतरू द्या. तो माणूस आरशात बघत नसेल, तुमच्याकडे तरी बघेल.

हे जमतं का, अशी शंका असेल तर फार लांब जाऊ नका. त्याच गल्लीत डॉक्टर लेस्ली टॉम्पकिन्स आहेत. 1976 च्या एका अंकात त्या पहिल्यांदा आल्या: आई-बाप रस्त्यावर पडलेले असताना त्या पोराला जवळ घेणारी बाई. पुढच्या गोष्टींत त्या त्याच वस्तीत दवाखाना चालवतात, त्याच्याही जखमा बांधतात आणि दर वेळी तोंडावर सांगतात की हा मार्ग मला मान्य नाही. त्यांच्यावर तो चिडतो, पण त्यांच्याकडे जायचं सोडत नाही. माया तीच, पण त्यांनी त्या मायेपायी कधी पोशाखाला ठिगळ लावलं नाही. एक दिवस त्यांना चहाला बोलवा. तुम्हा दोघांना बोलायला पुष्कळ आहे.

इथवर मी तुमच्या बाजूने बोलले. आता जरा नीट बसा, कारण तुम्ही शेवटी घाईने उरकलेल्या त्या दोन वाक्यांनी माझी झोप गेली.

चार मुलं! पहिला डिक, 1940 चा. सर्कशीतल्या झुल्यावर त्याचे आई-बाप त्याच्या डोळ्यांदेखत पडून गेले. त्याला घरात घेतलं हे चांगलंच केलं. पण रंगीत पोशाख घालून रात्री बाहेर काढलं, हे नव्हे. तुम्ही 1943 मध्ये आलात तेव्हा हे आधीच चालू होतं, मान्य. दुसरा जेसन. 1988 मध्ये कॉमिक्स छापणाऱ्या कंपनीने वाचकांना फोन करून ठरवायला सांगितलं, या मुलाला जगवायचं की मारायचं. मारा म्हणणारे 5,343, जगवा म्हणणारे 5,271. बहात्तर मतांनी पोरगं गेलं. मी तो आकडा अनेकदा वाचलाय आणि दर वेळी मला वाचकांचाच राग आलाय. पण आल्फ्रेडराव, फोन फिरवणारे लोक त्या घरात राहत नव्हते. तुम्ही राहत होता. त्याचा पोशाख आता खाली गुहेत काचेच्या कपाटात उभा आहे. त्या काचेसमोरून तुम्ही रोज ये-जा करता. आणि पुढच्याच वर्षी टिम आला. मग दहा वर्षांचा डेमियन.

ब्रूसला तुम्ही अडवू शकला नाहीत, हे मी समजू शकते. आठ वर्षांच्या मुलाने मनात धरलेली गोष्ट, पैसा अमाप, वर कोणी वडीलधारं नाही. पण दुसऱ्या मुलाच्या वेळी तुम्ही अनुभवी होता. मूल घरात आलं की पुढे काय होतं हे तुम्हाला पाठ होतं. तरीही प्रत्येक नव्या मुलासाठी तुम्ही खोली झाडलीत, दूध गरम केलंत आणि मापं घेतलीत. कपड्यांची मापं, आल्फ्रेडराव. दुधाबद्दल माझं काही म्हणणं नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर ब्रूसपेक्षा या धाकट्याबद्दल जास्त आहे. मोठ्याला त्याच्या मनासारखं करू द्या, तो आता तुमच्या हातचा राहिलेला नाही. डेमियनच्या बाबतीत मात्र 'होय सर' बंद. स्पष्ट सांगा: हा मुलगा माझ्या देखरेखीत असताना रात्री या घराबाहेर पडणार नाही. त्याची शाळा, त्याची झोप, त्याचे मित्र हे बघायला कोणीतरी हवं, आणि त्या घरात हे काम जमेल असे तुम्ही एकटेच आहात. ब्रूस भडकेल. भडकू दे. त्याला आठव्या वर्षी जे मिळायला हवं होतं आणि तुम्ही कदाचित देऊ शकला नाहीत, ते तुम्ही त्याच्या मुलाला देत आहात. हे तो चारचौघांत कबूल करणार नाही, पण ओळखेल.

तुमच्या जिवाचंही थोडक्यात: 1964 मध्ये बाप-लेकांना बाजूला ढकलून तुम्ही स्वतः दगडाखाली सापडलात, तुमच्या जागी घरात हॅरिएट मावशी आल्या आणि टीव्हीच्या मालिकेसाठी तुम्ही हवे म्हणून दोन वर्षांनी तुम्हाला परत उठवलं. 2019 मध्ये तुम्हाला पुन्हा मरण आलं, आणि त्या वेळी धाकटा समोर उभा होता. (तुमचं पत्र त्याआधीचं आहे असं धरून मी चाललेय. आमच्याकडचं टपाल फार उशिरा मिळतं.)

बोलायची वेळ निवडताना पहाटे साडेतीनची निवडू नका. एकाच्या अंगातून रक्त येतंय आणि दुसऱ्याच्या हातात सुई आहे, अशा वेळी कोणाचंच कोणी ऐकत नाही. तो दुपारी उठतो ना? त्या वेळी गाठा. पण उभ्याने नाही. तुमची मी जितकी चित्रं पाहिली, त्यातल्या बहुतेकांत तुम्ही उभे आहात आणि हातात तबक आहे. एवढ्या वर्षांत त्या लांबलचक टेबलाशी बसून तुम्ही त्याच्याबरोबर किती वेळा जेवलात, हे जरा आठवून बघा.

उद्या दुपारी दोन ताटं मांडा. दुसरं कोणासाठी, असं तो विचारेल. काही बोलू नका, खुर्ची ओढा आणि बसा. आणि बोलता बोलता त्याचं सूप गार झालं, तर गरम करायला उठू नका.

तुमची,
ताई