गॅरेजमधला पिट : आधी पाण्याचा विचार, मग हवेचा

प्रश्न : घराला लागून २० फूट लांब व १२ फूट रुंद शेड आहे. माझ्याकडे जुनी डिझेल जीप आणि गॅस किट बसवलेली लहान पेट्रोल मोटार आहे. ऑइल बदलणे, ग्रीसिंग, सायलेन्सरची डागडुजी अशी कामे मी स्वतः करतो. आता गाडीखाली उभे राहून काम करता यावे म्हणून घराच्या भिंतीपासून तीन फुटांवर १३ फूट लांब, २ फूट ८ इंच रुंद आणि सव्वापाच फूट खोल पिट घेण्याचा विचार आहे. जमीन काळी आहे, घराचा पाया चार फूट खोल आहे. गवंडी म्हणतात, नऊ इंची विटांची भिंत व आतून वॉटरप्रूफ प्लास्टर पुरेल. हे योग्य आहे का? (एक वाचक, मिरज तालुका)

उत्तर : मापे आपण विचारपूर्वक घेतलेली दिसतात. खोली ठरवताना स्वतःच्या उंचीत तीन इंच मिळवून त्यातून गाडीच्या तळाची जमिनीपासूनची उंची वजा करावी. पाच फूट सात इंच उंचीच्या माणसाला सात इंच उंच तळाच्या मोटारीसाठी सव्वापाच फूट बरोबर येतात आणि जीपखाली थोडी अधिक मोकळीक मिळते. लहान मोटारीत दोन चाकांच्या आतल्या कडांमधले अंतर साडेतीन फुटांच्या आसपास असते, म्हणून रुंदीही ठीक आहे. तरीही टेप लावून दोन्ही गाड्या मोजूनच आखणी करावी. लांबी मात्र शेडमध्ये बसत असेल तर १६ फुटांपर्यंत न्यावी, कारण मोटारच बारा फुटांची असेल तर १३ फुटांच्या पिटमध्ये एका टोकाच्या पायऱ्या मोकळ्या ठेवल्या की दुसरे टोक गाडीखाली पूर्ण झाकले जाते.

विटांच्या भिंतीला मात्र आमचा स्पष्ट नकार आहे. काळी माती उन्हाळ्यात आटून भेगाळते आणि पावसात फुगते, आणि फुगताना ती भिंतीला आडवा रेटा देते. वीट वरून येणारा भार उत्तम पेलते, पण वाकवणाऱ्या रेट्यापुढे तिचे सांधे उघडतात आणि मग प्लास्टर कितीही महागाचे असले तरी चिरते. त्यात गाडीच्या चाकाचा भार नेमका भिंतीच्या मागच्या भरावावर येतो व तोही रेट्यात भर घालतो. म्हणून तळ व भिंती सलग आरसीसीच्या (सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या), किमान सहा इंच जाडीच्या कराव्यात, सळ्यांचा व्यास व अंतर स्थापत्य अभियंत्याकडून काढून घ्यावे, आणि तळ ओततानाच भिंतीचा पहिला सहा इंच भाग त्याच्याबरोबर ओतून सांध्यात पीव्हीसीचा वॉटर स्टॉपर (पाणी अडवणारी पट्टी) बसवावा. गळती बहुतेक वेळा याच सांध्यातून सुरू होते.

आता पाण्याविषयी, कारण आपल्या भागात खरी अडचण तीच आहे. उसाच्या पट्ट्यात पावसाळ्याच्या शेवटी जमिनीतले पाणी बरेच वर येते. जवळच्या विहिरीत भाद्रपदात पाणी जमिनीपासून किती खाली असते ते पाहावे. ते सहा फुटांच्या आत येत असेल, तर पिट म्हणजे पाण्यात बसवलेली रिकामी पेटी झाली. आपल्याच मापाचा हिशोब करून पाहू. सहा इंची भिंती व तळ धरला, तर बाहेरून ही पेटी १४ फूट लांब, ३ फूट ८ इंच रुंद आणि ५ फूट ९ इंच उंच होते. पाणी शेडच्या फरशीपर्यंत चढले तर ते तिला सुमारे ८.४ टनांनी वर ढकलते, आणि काँक्रीटचे स्वतःचे वजन जेमतेम ८ टन भरते. जमिनीतल्या रिकाम्या टाक्या पावसाळ्यात उचलल्या जातात, त्या याच कारणाने. उपाय अवघड नाही. तळाचा स्लॅब भिंतींच्या बाहेर चारी बाजूंनी नऊ इंच काढावा; त्यावर बसणारा भराव, पाण्यात असतानाही, तीन टनांच्या आसपास वजन देतो. शिवाय शेडची फरशी सळ्यांनी भिंतींच्या माथ्याशी जोडून घ्यावी.

भिंतींमागे काढलेली काळी माती पुन्हा न टाकता मुरूम थरांनी धुम्मस करून (ठोकून दाबून) भरावा, हे गवंडी सांगतीलच. सहसा सांगितले जात नाही ते असे, की चारी बाजूंनी चिकण काळी माती असताना मधला मुरूम पाणी धरून ठेवतो. तेव्हा पत्र्याच्या पन्हळीचे पाणी शेडपासून लांब नेणे आणि भरावावर काँक्रीटचा थर देणे हा कामाचाच भाग समजावा.

जागाही बदलावी. तळाखालच्या चार इंची काँक्रीटसह खोदकाम सहा फूट एक इंचापर्यंत जाईल, म्हणजे घराच्या पायाच्या दोन फूट एक इंच खाली. पायाच्या तळकडेपासून खोदाई जितकी खाली जाते, निदान तितकी ती आडवी लांब असावी, हा साधा नियम आहे. तीन फुटांवर पिट घेतल्यास भिंतीची जाडी, तळाचा बाहेर आलेला भाग आणि पायाचा एक फुटाचा पसारा वजा जाता जेमतेम नऊ इंच उरतात. पिट शेडच्या बरोबर मध्ये घेतला तर दोन्ही बाजूंना चार फूट आठ इंच मिळतात आणि हिशोब जमतो. खोदकाम मे महिन्यात करावे, बाजूंना फळ्या व आडव्या धीरांचा (टेकूंचा) आधार द्यावा आणि काढलेल्या मातीचा ढीग खड्ड्याच्या काठावर ठेवू नये. दीड मीटरहून खोल चर आधाराविना कोसळून माणसे दगावतात.

गॅस किटचा उल्लेख आपण ओघात केला आहे, पण ते एलपीजीचे असेल तर ही मोटार पिटवर घेऊच नये, असे आम्ही सांगू. एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो आणि पेट्रोलची वाफ त्याहूनही जड. दोन्ही खड्ड्याच्या तळाशी साचतात, पंख्याच्या साध्या वाऱ्याने हटत नाहीत आणि एका ठिणगीची वाट पाहतात. सीएनजी हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो, त्यासाठी छताच्या माथ्याला झरोका हवा. पेट्रोलच्या गाडीचेही टाकी, फिल्टर वा पेट्रोलच्या नळीचे काम उघड्यावरच करावे. पिटसाठी चार इंची पीव्हीसी पाइप तळापर्यंत उतरवून बाहेर ठेवलेल्या ब्लोअरने ताजी हवा खाली सोडावी. ब्लोअरची मोटर पिटमध्ये नको. खाली माणूस असताना इंजिन चालू ठेवू नये, हे डिझेल जीपलाही लागू आहे.

दिवे बारा व्होल्टचे, पाणी व वाफ आत न शिरणाऱ्या बंद कवचाचे आणि भिंतीतल्या कोनाड्यात बसवलेले असावेत. घरच्या विजेवरचा हाती धरायचा बल्ब, ओलसर काँक्रीट आणि घामेजलेले अंग यांची गाठ पडू देऊ नये. शेडच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा. तळाला एका कोपऱ्याकडे उतार देऊन तिथे फूटभर लांबी-रुंदी-खोलीचा खळगा ठेवावा व त्यातले पाणी पंपाने किंवा बादलीने काढावे. तो गटाराला जोडला तर तेल थेट ओढ्यात जाईल. वरच्या कडेला लोखंडी अँगल बसवून त्याच्या खाचेत दोन इंची सागवानी फळ्या टाकाव्यात, आणि काम संपले की त्या घालायला विसरू नये. घरात लहान मुले असतील तर हे विशेष सांगायला नको.

प्रश्न : आमचे गॅरेज संगमेश्वरजवळ उतारावर आहे. खाली जांभा लागतो. पिटची भिंत चिऱ्याची (जांभ्याच्या घडीव दगडाची) चालेल का? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : चालेल, आणि उतार असल्यामुळे आपण सुदैवी आहात. जांभ्यातले चर सहसा उभे राहतात, पण जांभा सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात पाणी झिरपणारच. ते अडवण्यापेक्षा वाट द्यावी. पिटचे उताराकडचे टोक बंद न करता दरवाजासारखे उघडे ठेवावे, म्हणजे पायऱ्यांऐवजी सरळ चालत आत जाता येते आणि पाणी आपोआप निघून जाते. जड वाफही त्याच वाटेने बाहेर पडते. बाहेर पडणाऱ्या पाण्याला तेल अडवणारी लहान कुंडी मात्र बांधावी. चिऱ्याच्या भिंतींच्या माथ्यावर चाकांसाठी आरसीसीचा पट्टा ओतावा, कारण चाकाच्या भाराखाली चिऱ्याच्या कडा झडतात.

प्रश्न : सोसायटीतल्या माझ्या पार्किंगमध्ये असा पिट करता येईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. ती जमीन सोसायटीची आहे आणि शेजारीच इमारतीच्या खांबांचे पाये आहेत. लोखंडी रॅम्पची जोडी व जॅक स्टँड घ्यावेत. ऑइल बदलण्यापुरते तेवढे भागते.