वाचक विचारतात : मोबाइल नेटवर्कमधले सॉफ्टवेअर एजंट

प्रश्न : माझी भाची मुंबईत दूरसंचार विषयात पीएच.डी. करते. ‘मोबाइल नेटवर्कसाठी सॉफ्टवेअर एजंट’ हा तिचा विषय आहे. घरात कोणी विचारले की ‘प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात’ एवढेच ती सांगते. हे प्रोग्रॅम कशाबद्दल बोलतात आणि त्यात संशोधन करण्यासारखे काय असते?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : भाचीचे उत्तर त्रोटक असले तरी चुकीचे नाही. भोवतालची परिस्थिती स्वतः पाहणारा, नेमून दिलेल्या उद्दिष्टासाठी स्वतः निर्णय घेणारा आणि गरज पडल्यास दुसऱ्या प्रोग्रॅमशी वाटाघाट करणारा प्रोग्रॅम म्हणजे सॉफ्टवेअर एजंट. वाटाघाटीची एक रीत संगणकशास्त्रज्ञ रीड स्मिथ यांनी 1980 मध्येच मांडली होती : एका एजंटाने काम जाहीर करायचे, इतरांनी आपापली बोली कळवायची आणि ज्याची बोली सर्वांत सोयीची त्याच्याकडे काम सोपवायचे.

दूरसंचार क्षेत्राला या कल्पनेचे आकर्षण 1990 च्या दशकात वाटू लागले. त्या काळी बिनतारी जोडणी संथ आणि महाग होती. त्यामुळे फोनने सर्व्हरशी वारंवार बोलत बसण्यापेक्षा प्रोग्रॅमच सर्व्हरवर पाठवावा, त्याने तिथे काम उरकावे आणि फक्त निकाल घेऊन परतावे, असा विचार पुढे आला. जनरल मॅजिक या अमेरिकी कंपनीची ‘टेलिस्क्रिप्ट’ ही भाषा याचसाठी होती. तिच्यावर उभारलेली एटी अँड टीची सेवा 1994 मध्ये सुरू झाली आणि 1996 मध्ये बंद पडली. परका प्रोग्रॅम आपल्या यंत्रावर चालू देण्यातला धोका ही या मार्गातली मोठी अडचण होती, आणि दरम्यान वेबही झपाट्याने पसरत गेले. मात्र वाटाघाट करणाऱ्या एजंटांचा विचार मागे पडला नाही. एजंटांनी परस्परांना निरोप कसे पाठवावेत याचे मानक ठरवण्यासाठी 1996 मध्ये ‘फिपा’ ही संस्था स्थापन झाली, आणि ते मानक पाळणारी ‘जेड’ ही प्रणाली इटलीतल्या तुरीन येथे, टेलिकॉम इटालियाच्या प्रयोगशाळेत तयार झाली.

मोबाइल नेटवर्कला याची गरज का पडते, हे मुंबईकराला चटकन पटेल. सकाळी फोनची सारी गर्दी उपनगरांतून फोर्ट आणि वांद्रे-कुर्ला संकुलाकडे सरकते आणि संध्याकाळी उलटी फिरते. हजारो सेलच्या, म्हणजे टॉवरवरच्या एकेका अँटेनाच्या कक्षेत येणाऱ्या भागांच्या, सेटिंग या गर्दीप्रमाणे माणसांनी हाताने बदलत राहणे शक्य नाही, आणि प्रत्येक बारीक निर्णयासाठी एका मध्यवर्ती संगणकाची वाट पाहत राहणे परवडत नाही. म्हणून एलटीईच्या, म्हणजे 4जीच्या, मानकांत, ती ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेच्या आठव्या आवृत्तीपासून, नेटवर्कने स्वतःला जुळवून घेण्याची सोय आली. नव्या टॉवरने आपले शेजारी आपणच ओळखणे हा तिचाच भाग होय. पुढे 2018 मध्ये स्थापन झालेल्या ओ-रॅन अलायन्स या दूरसंचार कंपन्यांच्या संघटनेने आखलेल्या रचनेत ‘एक्सअ‍ॅप’ नावाचे छोटे प्रोग्रॅम 10 मिलिसेकंद ते 1 सेकंद एवढ्या अवधीत रेडिओ जाळ्याचे, म्हणजे टॉवर आणि फोन यांच्यातल्या दुव्याचे, निर्णय घेतात. भाचीच्या प्रबंधातले एजंट या घराण्यातले असण्याची शक्यता बरीच आहे.

प्रश्न : लोकलने ठाण्याहून दादरला येताना कुर्ल्याच्या आसपास माझे बोलणे हमखास तुटते. फोनवर तर पूर्ण रेंज दिसत असते. असे का होते, आणि या एजंटांमुळे काही फरक पडेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : फोनवरच्या दांड्या सिग्नलचा जोर दाखवतात, त्या सेलमध्ये जागा शिल्लक आहे की नाही, हे त्यांवरून कळत नाही. शिवाय धावत्या गाडीत हँडओव्हरचा, म्हणजे चालू बोलणे एका सेलकडून दुसऱ्याकडे सोपवण्याचा, प्रश्न असतो. समजा, शेजारच्या सेलचा सिग्नल 3 डेसिबलने सरस असल्याचे सलग 320 मिलिसेकंद आढळले, तरच फोनने तसे कळवावे, असे ठरवून दिले आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी तेवढ्या वेळात सुमारे 5 मीटर पुढे जाते. हा अवधी फार वाढवला तर नवा सेल मिळण्याआधीच जुन्याचा सिग्नल हातचा जातो. फार कमी केला तर फोन दोन सेलमध्ये उगाचच मागेपुढे करत राहतो. त्यात एका डब्यातले शेकडो फोन जवळजवळ एकाच क्षणी सेल बदलू पाहतात.

संशोधनाचा खरा कस इथेच लागतो, असे मला वाटते. गर्दीचा भार वाटून देणारा एजंट भरलेल्या सेलमधले फोन शेजारी ढकलण्यासाठी हँडओव्हरची सीमा सरकवतो. बोलणी तुटू नयेत म्हणून नेमलेल्या दुसऱ्या एजंटाला त्यामुळे तुटलेली बोलणी दिसतात आणि तो तीच सीमा परत पूर्वीच्या जागी आणतो. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात, पण सेटिंग इकडून तिकडे हेलकावे खात राहते आणि त्रास प्रवाशाला होतो. यावर एजंटांचा अग्रक्रम ठरवणे, प्रत्येकाने किती बदल करावा याला मर्यादा घालणे, किंवा दोघांवर समन्वयक नेमणे असे उपाय आहेत. त्यांपैकी कोणता कुठे चालेल हे आधी सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावर उभारलेल्या नकली नेटवर्कमध्ये, तपासावे लागते, कारण चालत्या नेटवर्कवर प्रयोग करणे म्हणजे लोकांच्या बोलण्यावर प्रयोग करणे आहे. एखादा एजंट एकटा असताना किती हुशार ठरतो यापेक्षा दुसऱ्याशी मतभेद झाल्यावर तो कसा वागतो, याकडे संशोधन प्रबंध वाचताना मी आधी पाहतो.

तेव्हा, हँडओव्हर चुकल्यामुळे बोलणे तुटत असेल तर एजंटांनी फरक पडू शकेल. जागाच अपुरी असेल तर तिथे नवा सेल किंवा अधिक स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओ लहरींचा पट्टा, लागेल. ते कोणत्याही प्रोग्रॅमला निर्माण करता येत नाही.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. या विषयाची सुरुवात कुठून करावी?
— एक विद्यार्थिनी, परळ

उत्तर : संभाव्यताशास्त्र आणि क्यूइंग थिअरी (रांगांचे गणित) पक्की करावी; रीइन्फोर्समेंट लर्निंग (प्रोग्रॅमने करून पाहत, मिळणाऱ्या फळावरून शिकणे) त्यानंतर घ्यावे. ‘एनएस-3’ हा नेटवर्क सिम्युलेटर मोफत मिळतो, आणि थ्रीजीपीपीची मानकेही तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. सिम्युलेटरमध्ये दोनच सेल आणि एक धावती गाडी मांडून, वर सांगितलेला 320 मिलिसेकंदांचा अवधी बदलत जावा आणि किती बोलणी तुटतात याची नोंद ठेवावी.