गेट खाली बसतंय म्हणून जादा बिजागरी लावू नका

राम राम दादा. तुमची पोस्ट दोनदा वाचली. केळीच्या शेडचं १२ फुटी गेट, एकच पल्ला, वजन अंदाजे १८० किलो, तीन वर्षांत तीनदा वेल्डिंग, तरी टोक जमिनीला घासतं. आता वेल्डर म्हणतो की मधे अजून एक बिजागरी टाकू. टाकू का, असं तुम्ही विचारलंय.

टाकू नका. अशाच एका जादा बिजागरीनं माझी अनामत गेली आणि वर 'निकृष्ट काम' असा शिक्का बसला. ती कथा पुढे सांगतो.

आधीच सांगतो, मी इंजिनिअर नाही. आयटीआय फिटर. ११ वर्षं मुंबईत जहाज दुरुस्तीच्या गोदीत काढली, आता धुळ्याच्या बाजूला फॅब्रिकेशनची शेड आहे. तुमचं गेट मी फक्त फोटोत पाहिलंय, त्यामुळे चूकभूल देणे घेणे. ग्रीस मारा, चांगला रॉड वापरा हे तुम्हाला कुणीही सांगेल, ते सोडतो.

गोदीत पहिल्याच वर्षी मला जहाजाच्या सुकाणूखाली उभं केलं होतं. सुकी गोदी म्हणजे पाणी उपसून रिकामी केलेली गोदी, जहाज ठोकळ्यांवर बसलेलं. डोक्यावर काही टनांची पोलादी पाटी लोंबतेय आणि ती कशावर फिरते तर दोन पिनांवर. त्या पिनेला पिंटल म्हणतात आणि ती ज्या कड्यात बसते त्याला गजन. गजन जहाजाच्या अंगाला पक्कं, पिंटल सुकाणूला, टोक खाली. दाराच्या बिजागरीचीच थोरली बहीण, एवढंच.

मी म्हटलं, एवढं वजन या दोन पिना पेलतात? आमचा चार्जहँड, म्हणजे टोळीचा मुकादम, हसला. म्हणाला, पिना वजन पेलत नाहीत, रेषा धरतात. बऱ्याच जहाजांवर सुकाणूचं वजन वर, सुकाणू फिरवणाऱ्या यंत्राच्या खोलीतल्या एका मोठ्या बेअरिंगवर टांगलेलं असतं. जुन्या पद्धतीत ते सगळ्यात खालच्या पिंटलच्या बुडाशी ठेवलेल्या कडक चकतीवर यायचं. वर असो की खाली, वजनाची जागा ठरवलेली. बाकीच्या पिनांचं काम फक्त सुकाणूला इकडेतिकडे हलू न देण्याचं.

हे मला गावाकडच्या दारानं आधीच शिकवायला हवं होतं. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या आजोळी सागवानी दार होतं, त्याला बिजागरीच नव्हती. पल्ल्याच्या कडेच्या फळीचं टोक खाली लांबवून गोल केलेलं, ते उंबऱ्याशेजारच्या दगडातल्या खळग्यात बसायचं. वरचं टोक चौकटीतल्या भोकात. सगळं वजन दगडावर, वरचं भोक फक्त धरायला. आजी पाडव्याला त्या खळग्यात तेल सोडायची. दार कधी खाली बसलेलं मला आठवत नाही. बसणार तरी कुठे, ते बसलेलंच होतं.

आता तुमच्या गेटाचा हिशोब. फोटोवरून वरच्या आणि खालच्या बिजागरीत ४ फूट अंतर दिसतं. गेटाचं वजन गुणिले निम्मी रुंदी, भागिले हे अंतर. १८० गुणिले ६ भागिले ४, म्हणजे २७० किलो. एवढ्या जोरानं वरची पिन खांबापासून बाहेर ओढली जाते आणि तेवढ्याच जोरानं खालची खांबात घुसते. उभं वजन १८० आहे ते वेगळंच. मधे तुम्ही एक लावा नाहीतर चार लावा, टोकाच्या दोघींमधलं अंतर तेच राहिलं तर या आडव्या ओढीचा मोठा वाटा टोकाच्या बिजागऱ्यांवरच येतो. मधलीला काही काम उरत नाही. उरला तर तो त्रास.

त्यापेक्षा वरची बिजागरी जितकी वर जाईल तितकी न्या आणि खालची जितकी खाली. अंतर साडेपाच फूट झालं तर २७० चे १९६ होतात. बिजागऱ्या त्याच, फक्त सरकवायच्या.

माझी गोष्ट अशी. एका गोदामाचं गेट होतं, १० फुटांचे दोन पल्ले. मी गोदीत शिकलो तसंच केलं. खाली जाड पिन, तिच्या डोक्यावर टोपी, टोपीत कडक छर्रा, सगळं वजन तिथे. वर नुसती बुश, म्हणजे पिनेभोवतीची नळी. एका बोटानं पल्ला फिरायचा. कोणत्या ऑफिसचं काम ते सांगत नाही. बिल लावलं. तपासायला साहेब आले, गेट हलवूनही पाहिलं नाही, बिजागऱ्या मोजल्या. "ड्रॉइंगमध्ये तीन आहेत, इथे दोनच." मी समजावलं. म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं. मग म्हणाले, वरून पत्र आणा. वरच्यांनी शेरा मारला की खालच्यांनी तपासून कळवावं. खालच्यांनी तो शेरा जोडून फाइल पुन्हा वर पाठवली. चौदा महिने. या काळात स्टील घेतलेल्या दुकानदाराचा फोन आला की मी बायकोला उचलायला लावायचो.

मार्च अखेरीला मी हरलो. माझी चूक इथूनच सुरू होते, ऑफिसला शिव्या देऊन ती धुतली जात नाही. लटकलेल्या पल्ल्यांनाच, दुपारी दोनच्या उन्हात, नजरेच्या अंदाजानं मधे तिसरी बिजागरी ठोकली. माझ्याकडचा पोरगा म्हणाला, "भाऊ, हाई बराबर नही शे." मी त्यालाच दटावलं. वेल्ड थंड होताना आखडतं आणि तुकड्याला आपल्याकडे ओढतं, हे मला काय माहीत नव्हतं? मधली पिन ३ मिमी खांबाकडे सरकली. संध्याकाळी साहेबांची सही झाली.

दोन ठिपक्यांतून रेषा जातेच, त्यात कुणाचं कौतुक नाही. तिसरा ठिपका त्या रेषेवर आणावा लागतो. तो ३ मिमी जरी बाजूला पडला तरी पल्ला फिरताना दर वेळी लोखंड वाकवूनच फिरतो. जुन्या जहाजांच्या सुकाणूला चार-पाच पिंटल असायच्या, पण त्यांची भोकं एका रेषेत आहेत का हे बघायला वरपासून खालपर्यंत बारीक पोलादी तार ताणायचे आणि प्रत्येक भोकात तारेपासूनचं अंतर मोजायचे. घरच्या दाराला तीन बिजागऱ्या चालतात, कारण त्या एकाच सरळ लाकडावर खाच मारून बसवतात आणि स्क्रूला थोडी ढील असते. वेल्डला ढील नसते.

गोदामावर पल्ला जड झाला. आधी दोघं ढकलायचे, मग ट्रॅक्टरला दोर बांधून ओढायला लागले. दोनेक महिन्यांनी वरच्या बुशीची प्लेट वेल्डच्या कडेनं चिरली आणि पल्ला आडवा झाला. वॉचमनची सायकल खाली सापडली. वॉचमन चहाला गेला होता, म्हणून मी हे लिहितोय. मला नोटीस आली. त्यात ड्रॉइंगबद्दल अक्षर नव्हतं. बरं, पुरे झालं हे.

तुम्ही काय करा, माझ्या मते.

आधी खरा रोग पिनेत आहे की खांबात ते बघा. गेट अर्धं उघडा आणि वारा नसताना सोडून द्या. जागेवर थांबलं तर पिनांची रेषा ओळंब्यात आहे. आपोआप एका बाजूला गेलं तर रेषा कलली आहे, आणि गेट जिकडे जाऊन थांबतं तिकडेच रेषेचं वरचं टोक झुकलंय. हे ऋतूप्रमाणे बदलतं का तेही आठवा. पावसाळ्यात घासतं आणि मे महिन्यात सुटतं, किंवा उलट, असं असेल तर दोष वेल्डरचा नाही, काळ्या मातीचा आहे. तापीकाठची ती माती पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते आणि दोन फुटांवर उभा केलेला खांब दातासारखा हलवते. तिथे पाया मुरमापर्यंत न्यावाच लागतो. बिजागरीवर केलेला खर्च वाया.

बारा महिने सारखंच घासत असेल आणि दर वर्षी थोडं जास्त, तर पिना झिजल्यात. वर १ मिमी आणि खाली १ मिमी, मिळून २ मिमी ढील झाली की टोकाला तिची तिप्पट दिसते, कारण १२ फूट हे ४ च्या तिप्पट. म्हणजे ६ मिमी. गोदीत प्रत्येक वेळी फीलर गेज, म्हणजे मोजमापाच्या पातळ पट्ट्या, घालून पिंटल आणि बुशीतली फट मोजून वहीत लिहितात, मागच्या वेळेशी ताडतात. तुम्ही टोकाखालची उंची दिवाळीला आणि पाडव्याला मोजून भिंतीवर खडूनं लिहिली तरी पुष्कळ.

उन्हानं गेट वाढतं म्हणून घासतं, असं तुमच्या पोस्टखाली एकानं लिहिलंय. १२ फुटी लोखंड ५० अंशांनी तापलं तर साधारण २ मिमी वाढतं, आणि तेही लांबीत. त्यानं कडी बसायला अडेल, टोक जमिनीला लागणार नाही.

खालची जागा मात्र बदलाच. तुमच्याकडे जमिनीत वाटी पुरलीय आणि गेटाची पिन तिच्यात उतरते. त्या वाटीत माती, पाणी, केळीच्या पानाचा चोथा जातो आणि उन्हाळ्यात त्याचं सिमेंट होतं. उलटं करा. पिन जमिनीतून वर आणि टोपी गेटाला, तोंड खाली. पाणी शिरणारच नाही. टोपीत १२ मिमीचा कडक छर्रा टाका, पिनेचं डोकं लेथवर सपाट करून घ्या आणि बाजूला ग्रीसचं निपल मारा. वरच्या बुशीला उभं वजन लागू देऊ नका, तिथे वरखाली बोटभर मोकळीक ठेवा.

ती मोकळीक ठेवली की गेट उचलून काढता येतं, आणि आपल्याकडे मोटारीच्या केबल चोरणारे तेच करतात. कुलूप तसंच, पल्ला बाजूला. सुकाणूलाही लाट खालून उचलते. म्हणून एका पिंटलला खालून टोपीसारखं डोकं ठेवतात, जेणेकरून ती कड्यातून वर निघू नये. तुम्ही वरच्या पिनेच्या वर एक वॉशर टाका आणि तो वेल्ड करा. गेट बसवून, फिरवून, खात्री झाल्यावर. आधी नाही.

बसवायची एक युक्ती, जी मला गोदीत नाही तर किनाऱ्यावरच्या छोट्या शिडाच्या बोटीत दिसली. तिच्या सुकाणूची खालची पिन वरच्यापेक्षा मुद्दाम लांब असते. आधी खालची लावायची, ती धरून राहते, मग वरची शोधायची. दोन्ही सारख्या असतील तर एक लागेपर्यंत दुसरी सुटते आणि माणूस शिव्या देतो. तुमच्याही खालच्या पिनेला इंचभर जास्त द्या. जॅकवर पल्ला घेऊन दोन माणसांत काम होतं.

ग्रीसबद्दल हलक्यात लिहिलं, पण तो चेष्टेचा विषय नाही. भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे ४१ वक्राकार दरवाजे पावसाळ्यात बातमीत असतात. असा दरवाजा उचलताना दोन बाजूंच्या जाड पिनांभोवती फिरतो. कॅलिफोर्नियात फॉल्सम नावाच्या धरणावर १७ जुलै १९९५ ला असाच एक दरवाजा उघडताना मोडला. पिनेत गंज वाढून घर्षण वाढलेलं, आणि डिझाइन करताना ते घर्षण धरलेलंच नव्हतं. त्या जोरानं दरवाजाच्या हाताचा आधार तुटला. पिन आखडली की मोडते पिन नाही, तिच्या शेजारचं काहीतरी. माझी प्लेट चिरली ती याच कारणानं, फक्त माझ्याकडे पाण्याऐवजी ट्रॅक्टर होता.

पिना बदलायच्या आधी जुन्या पिना काढून माझ्यासाठी एक फोटो टाका. झीज चारी बाजूंनी सारखी आहे की एकाच कडेला, ते बघायचंय. एकाच कडेला असेल तर दोष रेषेपेक्षा ओढीचा जास्त आहे आणि अंतर वाढवणं टाळूच नका.

आणि तुमच्या दुसऱ्या फोटोत गेटाच्या टोकाला दोन पोरं झोका घेताना दिसतात. ३० किलोचं एक पोर टोकाला लटकलं की वरच्या पिनेवर ९० किलोची ओढ वाढते, दोघांची १८०. जॅक लावाल त्या दिवशी त्यांना शाळेत पाठवा.